इंजेक्शन कपाटातच होतं

ऑकलंडमधले प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहम लिगिन्स १९६० च्या दशकात मेंढ्यांवर प्रयोग करत होते. कळा नेमक्या कशामुळे सुरू होतात, एवढाच त्यांचा प्रश्न होता. पोटातल्या कोकराला स्टेरॉइड दिलं की मेंढी दिवस भरण्याआधीच विते, हे त्यांना दिसलं. पण त्यातलं एक कोकरू इतक्या लवकर जन्मलं होतं की ते जगायलाच नको होतं. त्या वयात फुप्फुसं कच्ची असतात, नीट फुगत नाहीत. तरी ते कोकरू श्वास घेत होतं.

स्टेरॉइडने फुप्फुसं लवकर तयार केली की काय, असं लिगिन्स यांच्या मनात आलं. बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांना बरोबर घेऊन त्यांनी माणसांवर चाचणी केली. दिवस भरण्याआधी कळा सुरू झालेल्या मातांपैकी काहींना स्टेरॉइडचं इंजेक्शन, काहींना तुलनेसाठी जवळपास निष्प्रभ औषध. कोणाच्या वाट्याला काय येणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलेलं, म्हणजे डॉक्टरच्या आवडीनिवडीला वाव नाही. १९७२ साली निकाल छापून आला. अचानक कळा सुरू झालेल्या मातांच्या बाळांपैकी तुलनेच्या गटात १५ टक्के बाळं जन्मानंतर लगेचच्या दिवसांत दगावली होती. स्टेरॉइडच्या गटात ३.२ टक्के.

औषध नवीन नव्हतं, महागही नव्हतं. टोचायला खास यंत्र लागत नव्हतं. कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या औषधांच्या कपाटात ते पडलेलं असायचं. तरी अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवून ‘हे द्याच’ असं स्पष्ट सांगितलं ते १९९४ मध्ये. तोपर्यंत ज्या मातांना ते मिळायला हवं होतं, त्यांतल्या फार थोड्या जणींना ते मिळत होतं. मधली बावीस वर्षं कुठे गेली, हा या लेखाचा विषय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. एका चाचणीवर विसंबून साऱ्या जगाने उपचार बदलावेत, असं कोणी म्हणत नाही आणि म्हणूही नये. एखाद-दुसरी चाचणी योगायोगानेही चांगली निघते. म्हणून त्याच प्रश्नावरच्या सगळ्या चाचण्या गोळा करायच्या, चांगल्या-वाईट पारखायच्या आणि त्यांचे आकडे एकत्र मांडायचे. याला पद्धतशीर आढावा म्हणतात. कॉक्रेन ही संस्था १९९३ पासून जगभर हेच काम करते, आणि तिचं बोधचिन्ह म्हणजे याच इंजेक्शनची कहाणी आहे. वर्तुळात मधोमध एक उभी रेघ. उभी रेघ म्हणजे ‘दिलं काय, न दिलं काय, फरक नाही’. तिला छेदणाऱ्या किंवा तिच्या डावीकडे असणाऱ्या छोट्या आडव्या रेघा म्हणजे एकेक चाचणी. रेघ जितकी लांब, तितकी त्या चाचणीची अनिश्चितता जास्त. बऱ्याच रेघा उभ्या रेघेला छेदतात, म्हणजे त्या एकट्याने ठामपणे काही सांगू शकत नाहीत. पण खाली पत्त्यांतल्या चौकटच्या खुणेसारखा एक छोटा ठिपका आहे. तो सगळ्यांची बेरीज. तो उभ्या रेघेपासून स्वच्छ डावीकडे आहे. डावीकडे म्हणजे बाळं वाचतात.

हा ठिपका काढायला लागणारे बरेचसे आकडे १९८० च्या दशकातच छापून आलेले होते. ते एकमेकांशेजारी कोणी मांडले नव्हते, इतकंच. आढावा तयार झाला तो त्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे उशिराचा पहिला हप्ता बेरीज न केल्याचा. दुसरा हप्ता त्याहून गुंतागुंतीचा.

डॉक्टर आळशी होते किंवा जुन्या वळणाचे होते, हे उत्तर सोपं आहे आणि मला ते खोटं वाटतं. प्रसूतिकक्षात उभं राहून बघा. इंजेक्शन द्यायचं प्रसूतितज्ज्ञाने. त्याचा फायदा दिसणार बालरोगतज्ज्ञाला, तोही दुसऱ्या मजल्यावर, दोन दिवसांनी. देणाऱ्याच्या मनात मात्र धास्ती: आईला जंतुसंसर्ग झाला तर? स्टेरॉइडचा बाळाच्या वाढीवर पुढे काही परिणाम झाला तर? त्यात इंजेक्शन न देताही शंभरातली बहुसंख्य बाळं जगतच होती. आपण न दिल्यामुळे अमुक एक बाळ गेलं, असं कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. ते फक्त तक्त्यात दिसतं. अनुभवाने शिकावं असं आपण म्हणतो, पण इथे अनुभवाला शिकवण्याची सोयच नव्हती.

या उशिराबद्दल एक आकडा फार फिरतो: संशोधन प्रत्यक्ष उपचारात यायला सतरा वर्षं लागतात. २००० साली बालास आणि बोरेन या संशोधकांनी वेगवेगळ्या टप्प्यांचे कालावधी जोडून तो काढला. भाषणात टाळी घ्यायला आकडा उत्तम आहे, पण तो सरासरी आहे आणि सरासरीत खरी गंमत लपते. ब्रिटिश आरमारातला डॉक्टर जेम्स लिंड याने १७४७ मध्ये जहाजावरच्या बारा आजारी खलाशांना दोघा-दोघांत वाटून संत्री-लिंबं स्कर्व्हीवर चालतात हे पाहिलं, १७५३ मध्ये ग्रंथ छापला, आणि ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस नेमाने द्यायला १७९५ उजाडलं. दुसरं टोक बघा. १६ जून २०२० रोजी ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने जाहीर केलं की डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, आणि नुसत्या ऑक्सिजनवर असणाऱ्यांमधले सुमारे एक पंचमांशाने. त्याच दिवशी तिथल्या सरकारी रुग्णालयांत ते वापरायची मुभा मिळाली.

एकीकडे ग्रंथ छापल्यापासून बेचाळीस वर्षं, दुसरीकडे एक दिवस. महासाथीची घाई हे एक कारण झालंच. पण तेवढंच नाही. ती चाचणी देशभरातल्या १७५ च्या आसपास रुग्णालयांत, रोजच्या वॉर्डात, रोजच्याच डॉक्टर-नर्सेसनी केलेली होती. कागदपत्रं मुद्दाम थोडकी ठेवली होती, म्हणजे दमलेल्या माणसालाही रुग्णाचं नाव नोंदवता यावं. निकाल आला तेव्हा तो कुण्या दूरच्या प्राध्यापकाचा नव्हता. ‘आपल्या’ वॉर्डाचा होता. पटवून द्यायला कोणी उरलंच नव्हतं.

गळका नळ

पॉल ग्लॅझ्यू आणि ब्रायन हेन्स या दोन डॉक्टर-संशोधकांनी हा सगळा प्रवास एका गळक्या नळाच्या रूपात मांडला आहे. मला तो फार उपयोगी वाटतो, म्हणून जरा सावकाश बघू.

एखादा उपचार रुग्णापर्यंत पोचायला सात सांधे पार करावे लागतात. डॉक्टरला तो माहीत हवा. पटलेला हवा. समोरच्या रुग्णाला तो लागू होतो हे ओळखता यायला हवं. करता यायला हवा, म्हणजे औषध, उपकरण, हात, वेळ हे सगळं हाताशी हवं. ऐन वेळी तो आठवून प्रत्यक्ष केला गेला पाहिजे. रुग्णाने हो म्हटलं पाहिजे. आणि घरी गेल्यावर त्याने तो पाळला पाहिजे.

आता समजा, प्रत्येक सांध्यावर ऐंशी टक्के यश मिळतं. ऐंशी म्हणजे परीक्षेत विशेष प्रावीण्य. शंभर रुग्णांपासून सुरुवात करा. पहिल्या सांध्यानंतर ८० उरले. दुसऱ्यानंतर ६४. मग ५१, ४१, ३३, २६ आणि शेवटी २१. कुणीही ढळढळीत चूक केलेली नाही, तरी शंभरातल्या एकोणऐंशी जणांपर्यंत उपचार पोचलाच नाही. अमेरिकेत २००३ मध्ये एक मोठा अभ्यास झाला होता. तिथल्या प्रौढ रुग्णांना शिफारस केलेल्या उपचारांपैकी सुमारे ५५ टक्केच मिळत होते, असं त्यात निघालं. पैसा भरपूर, डॉक्टर शिकलेले, पुस्तकं ताजी, आणि तरी निम्म्याच्या जरा वर.

गळतीचं गणित कळलं की एक विसंगती लगेच टोचते. सुधारणेच्या नावाखाली होणारी बरीचशी धडपड पहिल्या सांध्यावरच होते: परिपत्रक, कार्यशाळा, व्याख्यान, भिंतीवरचं पोस्टर. ‘त्यांना माहीत नाही, म्हणून ते करत नाहीत’ हे गृहीत धरलेलं असतं. पण तुम्ही कुठल्याही नर्सला विचारा, रुग्णाला हात लावण्याआधी हात धुवायचे असतात हे तुम्हाला माहीत आहे का? ती तुमच्याकडे कीव आल्यासारखी बघेल. माहीत सगळ्यांना आहे. बेसिन वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला आहे, साबण संपलाय, आणि तीन घंट्या एकदम वाजतायत. इथे चौथा सांधा गळतोय आणि आपण पहिल्यावर चिकटपट्टी लावतोय.

सहाव्या सांध्याकडे, म्हणजे रुग्णाच्या होकाराकडे, तर फारच कमी लक्ष जातं. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये इशारा दिला गेला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. बातमी खरी होती. पण ‘दुप्पट’ म्हणजे सात हजार बायकांत एकीऐवजी दोघी. हे दुसरं वाक्य कोणी ठळक छापलं नाही. घाबरून कित्येक जणींनी गोळ्या बंद केल्या, आणि पुढच्या वर्षी तिथे सुमारे तेरा हजार गर्भपात जास्त झाले. शिवाय गर्भारपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो. पुरावा बरोबर, सांगणं चुकलं. म्हणून कोणी तुम्हाला ‘धोका तीस टक्क्यांनी कमी होतो’ असं सांगितलं, तर ‘कितींपैकी किती जणांचा?’ हे जरूर विचारा. शंभरातल्या तीस जणांचे एकवीस होणं आणि दहा हजारांतल्या तिघांचे दोघे होणं, दोन्ही बातमीत साधारण सारखेच दिसतात.

मग चालतं काय?

पुन्हा आपल्या इंजेक्शनकडे येऊ. १९९४ च्या शिफारशीनंतर एका गटाने फार शहाणपणाचं काम केलं. औषधाची चाचणी घेतात तशी त्यांनी शिफारस पोचवण्याच्या पद्धतीचीच चाचणी घेतली. अमेरिकेतल्या सत्तावीस मोठ्या रुग्णालयांचे दोन गट केले. एका गटात शिफारस नेहमीसारखी पोचली: नियतकालिकात छापली, डॉक्टरांना पाठवली. दुसऱ्या गटात त्याच्या जोडीला प्रत्येक रुग्णालयातला एक वजनदार डॉक्टर आणि एक नर्स समन्वयक ठरवले, केसपेपरवर आठवणीची चिठ्ठी लावली, खऱ्यासारख्या केसेसवर गटात चर्चा घडवल्या, आणि आपण किती जणींना इंजेक्शन दिलं याचे आकडे त्यांच्या त्यांना परत दाखवले.

सुरुवातीला दोन्हीकडे प्रमाण ३३ टक्के. नुसत्या शिफारशीने ते ५८ वर गेलं. खटपट केलेल्या गटात ६८ वर. १९९९ मध्ये छापलेले हे आकडे मला दोन कारणांनी आवडतात. एक, अधिकारवाणीने स्पष्ट बोलणं अगदीच वाया जात नाही. दोन, वरचे दहा टक्के आपोआप आले नाहीत. त्यासाठी माणसं नेमावी लागली. ‘अंमलबजावणीशास्त्र’ हे जरा जड नाव पडलेली विद्याशाखा करते ते हेच. कुठलं औषध चालतं, हा तिचा प्रश्न नाही. चालणारं औषध द्यायला माणसांना काय केल्याने जमतं, हा आहे.

या शाखेतली उत्तरं बहुतेकदा छोटी असतात. डॉक्टरांना त्यांच्याच कामाचे आकडे दाखवण्याच्या उपायावर १४० अभ्यासांचा आढावा २०१२ मध्ये झाला. साधारणपणे सुधारणा निघाली ती चार टक्क्यांच्या थोडी वर. वाचून हिरमोड होतो. पण तोच उपाय नेमका वापरला की काय होतं, ते इंग्लंडमधल्या एका पत्राने दाखवलं. गरज नसताना अँटिबायोटिक लिहिण्याचं प्रमाण कमी करायचं होतं. सगळ्यात जास्त लिहिणाऱ्या दीड हजारांवर दवाखान्यांपैकी निम्म्यांना देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीचं पत्र गेलं. मजकूर साधा: तुमच्या भागातले ऐंशी टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी अँटिबायोटिक लिहितात. खाली दोन-तीन करण्यासारख्या गोष्टी. सहा महिन्यांत त्या दवाखान्यांतलं प्रमाण ३.३ टक्क्यांनी उतरलं, म्हणजे सुमारे ७३ हजार चिठ्ठ्या कमी. एका पत्राच्या खर्चात. चार लोकांत आपण वेगळे पडतोय, हे डॉक्टरलाही टोचतंच.

आता एक प्रसंग जवळून. अतिदक्षता विभागात रुग्णाच्या मोठ्या शिरेत नळी घालतात, तिला सेंट्रल लाइन म्हणतात. तिच्यातून जंतू थेट रक्तात शिरू शकतात. ते टाळायला पाच गोष्टी पुरतात: हात धुणं, रुग्णाला पूर्ण झाकणारी निर्जंतुक चादर आणि अंगावर टोपी-मास्क-गाऊन, क्लोरहेक्सिडिनने त्वचा पुसणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं, आणि गरज संपताच नळी काढून टाकणं. यातली एकही गोष्ट नवी नाही. पीटर प्रोनोव्होस्ट या अतिदक्षतातज्ज्ञाच्या पुढाकाराने अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभरावर अतिदक्षता विभागांनी २००३ पासून हे मनावर घेतलं. नळी घालायची वेळ आली की सगळं सामान असलेली एकच गाडी खाटेजवळ येते. त्याआधी तेच सामान गोळा करायला चार ठिकाणी हिंडावं लागे, आणि मग एखादी वस्तू राहूनच जायची. नर्स यादी हातात घेऊन बाजूला उभी. डॉक्टरने छोटा कपडा पसरला आणि सुई उचलली, तर ती म्हणते, “थांबा डॉक्टर, मोठी चादर राहिली.” आणि तिला थांबवण्याचा अधिकार आहे, हे वरच्यांनी आधीच सगळ्यांसमोर सांगून ठेवलेलं असतं. डॉक्टर कितीही ज्येष्ठ असो. दर महिन्याला किती जंतुसंसर्ग झाले, तो आकडा विभागाला परत कळतो. तीन महिन्यांत मधल्या, म्हणजे ना फार चांगल्या ना फार वाईट अशा विभागाचं प्रमाण दर हजार नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी म्हणजे एक नळी-दिवस) २.७ वरून शून्यावर आलं.

पुढे याची बातमी झाली ती ‘एका साध्या चेकलिस्टने जीव वाचवले’ अशी. इथेच घोळ आहे. यादी छापायला पाच मिनिटं लागतात. सामानाची गाडी, नर्सचा अधिकार, महिन्याचा आकडा, वरिष्ठांचा पाठिंबा या गोष्टी छापता येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रियेच्या वेळच्या एकोणीस मुद्द्यांच्या यादीचं असंच झालं. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती नेटाने वापरली, तर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मग कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ती सगळीकडे लागू झाली आणि २०१४ मध्ये शंभरावर रुग्णालयांचे आकडे तपासले, तर मृत्यूंत ठळक फरक नाही. यादी वापरल्याची नोंद मात्र जवळपास सगळीकडे चोख. खुणा करणं आणि थांबून एकमेकांशी बोलणं यातला फरक कागदावर उमटत नाही.

याच्या अगदी उलट, घाई न करता मुळापासून केलेलं काम बघायचं तर १९८० च्या दशकातल्या बांगलादेशात जावं लागतं. जुलाबात शरीरातलं पाणी कमी होऊन मुलं दगावत होती. मीठ-साखरेचं पाणी त्यावर चालतं, हे सिद्ध झालेलं होतं. १९७१ च्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी ते मोठ्या प्रमाणावर करूनही दाखवलं होतं. प्रश्न घराघरांत पोचवण्याचा होता. ‘ब्राक’ या संस्थेने पुड्या वाटल्या नाहीत. त्यांच्या कार्यकर्त्या दारोदार गेल्या आणि आईच्याच भांड्यात, तिच्याच हाताने करून घेतलं: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. चिमूट मोठी झाली तर पाणी खारट होतं आणि बाळाला ते घातक, म्हणून चव घेऊन बघायची. पगाराची पद्धत तर अफलातून होती. किती घरं झाली यावर पैसे नाहीत. काही आठवड्यांनी दुसरं माणूस काही घरांत जाऊन आईला विचारणार, तिच्याकडून पाणी करून घेणार, आणि तिला जितकं आठवेल तितके कार्यकर्तीला पैसे.

तरी सुरुवातीला वापर वाढेना. शोध घेतल्यावर कळलं की खुद्द कार्यकर्त्यांचाच विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या दुसरं काही घेत. मग त्यांना प्रयोगशाळेत नेऊन शरीरात नेमकं काय होतं ते दाखवलं. घरातल्या पुरुषांनाही बोलण्यात ओढलं, कारण त्यांना डावलून काही टिकत नव्हतं. दहा वर्षांत एक कोटीहून जास्त घरं झाली. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही: वापर वाढत नाही म्हटल्यावर त्यांनी आयांना दोष दिला नाही. नळ कुठे गळतोय ते पाहायला गेले, आणि गळती आपल्याच घरात सापडली.

सोडून देणं

नवं सुरू करणं अवघड आहे, पण जुनं बंद करणं त्याहून. १९५० च्या दशकात बालसंगोपनाच्या एका अतिशय खपणाऱ्या पुस्तकाने सांगितलं की बाळाला पोटावर झोपवा. उताणं बाळ ओकलं तर गुदमरेल. पटण्यासारखं होतं, आणि म्हणूनच घातक. १९७० पर्यंत छापून आलेले अभ्यास कोणी एकत्र केले असते, तर पोटावर झोपणाऱ्या बाळांत झोपेतले आकस्मिक मृत्यू जास्त आहेत हे तेव्हाच दिसलं असतं. ब्रिटनमध्ये ‘पाठीवर झोपवा’ ही मोहीम आली १९९१ मध्ये, अमेरिकेत १९९४ मध्ये. २००५ च्या एका आढाव्याने मागे वळून हिशेब मांडला: वेळीच बेरीज झाली असती, तर एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांवर बाळं वाचली असती.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके अनियमित होणाऱ्यांना ते नियमित करणारी औषधं देत. ठोका बिघडला की माणूस जातो, मग ठोका सुधारला की वाचणार, असा सरळ तर्क. १९८९ मध्ये चाचणीने दाखवलं की त्यांतली दोन औषधं घेणारे जास्त मरत होते. ठोके मात्र सुधारत होते. याच जातीच्या आणखी एका औषधाची छोटी चाचणी १९८० मध्येच झाली होती. औषधाच्या गटात नऊ मृत्यू, दुसऱ्या गटात एक. औषध बाजारात आणायचा बेत बारगळला होता, म्हणून तो निकाल छापायचा राहून गेला आणि १९९३ मध्ये उजेडात आला. पुरावा वापरायचा तर तो आधी सगळाच्या सगळा बाहेर यायला हवा, ही गळती नळापर्यंत पोचण्याच्याही आधीची.

तेच इंजेक्शन, दुसरी जागा

आणि आता कहाणीतला तो भाग, जो मला सर्वांत जास्त विचारात पाडतो.

श्रीमंत देशांत स्टेरॉइडचं इंजेक्शन रुळलं. मग ते जिथे सर्वांत जास्त बाळं दगावतात तिथे का नको? सहा देशांत, सुमारे एक लाख बाळंतपणांवर चाचणी झाली. अर्जेंटिना, ग्वाटेमाला, भारत, केनिया, पाकिस्तान आणि झांबिया. छोट्या आरोग्य केंद्रांपासून सगळ्यांना प्रशिक्षण दिलं, इंजेक्शनचे संच दिले. सोनोग्राफी सगळीकडे नव्हती, म्हणून किती आठवडे झाले याचा अंदाज पाळीच्या तारखेवरून किंवा पोटाच्या मापावरून. अंमलबजावणी म्हणून बघाल तर कौतुक करावं असं काम. अगदी लहान, म्हणजे जन्मतः फार कमी वजनाच्या बाळांच्या मातांपैकी इंजेक्शन मिळणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच्या भागांत दहा टक्के होतं, तर या भागांत पंचेचाळीस.

२०१५ मध्ये निकाल आला. लहान बाळांमधले मृत्यू कमी झाले नव्हते. आणि एकूण बाळांचे मृत्यू दर हजारी साडेतीनने वाढले होते.

नळाची गळती बंद झाली होती, पण पाणी भलत्याच वाफ्यात गेलं होतं. इंजेक्शन मिळालेल्यांतल्या बहुतेक जणींची बाळं तेवढी लहान निघालीच नाहीत; त्यांना त्याची गरजच नव्हती. मातांमध्ये जंतुसंसर्गाची शंका जास्त नोंदली गेली. आणि ज्या लहान बाळांना फायदा व्हायचा, त्यांना जन्मानंतर ऊब, ऑक्सिजन, श्वासाला आधार देणारी सोय हवी असते. ऑकलंडच्या चाचणीत ती होतीच, म्हणून कोणी तिचा वेगळा उल्लेख केला नाही. औषधाच्या नावाबरोबर ती सोय मात्र प्रवासाला निघाली नाही.

यावर दोन टोकाच्या प्रतिक्रिया शक्य होत्या: ‘गरीब देशांत हे नकोच’ किंवा ‘चाचणीच चुकली’. जागतिक आरोग्य संघटनेने तिसरा रस्ता धरला आणि पुन्हा चाचणी घेतली. बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तान. एकोणतीस रुग्णालयं, २,८५२ माता. या वेळी किती आठवडे झाले ते सोनोग्राफीने ठरवलं, आईला जंतुसंसर्ग नाही हे पाहिलं, प्रसूती लवकरच होणार याची खात्री केली, आणि लहान बाळाला सांभाळता येईल अशीच रुग्णालयं निवडली. फायदा इतका स्पष्ट दिसू लागला की चाचणी ठरल्यापेक्षा आधी थांबवली. २०२० मध्ये निकाल छापला गेला: दर पंचवीस मातांना इंजेक्शन दिलं की एक बाळ वाचतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत आता इंजेक्शनबरोबर अटीही लिहिलेल्या असतात. गर्भ किती आठवड्यांचा आहे हे नीट मोजलेलं असावं. सात दिवसांच्या आत प्रसूती होण्याची दाट शक्यता असावी. आईला जंतुसंसर्गाची लक्षणं नसावीत. प्रसूती नीट करणारी माणसं असावीत, आणि कमी दिवसांच्या बाळाची काळजी घेण्याची सोय असावी. या पाचही गोष्टी एखाद्या ठिकाणी रात्री दोन वाजता जमतात का, हे पाहायला कुणीतरी तिथे जाऊन रात्री दोनपर्यंत बसावं लागतं.